काळ्या चार्जरचे वकील

परवा बार रूममध्ये पुन्हा तेच भांडण सुरू झालं. एका तरुण वकिलाने नवा फोन आणला होता, दुसऱ्याने त्याच्या कॅमेऱ्याला नावं ठेवली, तिसऱ्याने दोघांच्या कंपन्यांचा उद्धार केला. अकरा वाजता सुरू झालेलं हे प्रकरण जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं. मी माझा डबा अर्ध्यावर झाकला आणि व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले. पूर्वी मीही या भांडणात हिरिरीने उतरायचे. आता ऐकवत नाही. कुणी म्हणालं की तुझ्यापेक्षा माझा फोन भारी, की मला तिगडीकर अण्णा आठवतात आणि घास उतरत नाही.

कारण याच भांडणाच्या गदारोळात त्या माणसाचे कान गेले, हळूहळू, पाच-सहा वर्षं जात राहिले, आणि आम्हा तीस-चाळीस वकिलांपैकी एकालाही ते कळलं नाही. दुसऱ्याच्या बोलण्यातली बारीकशी चूक पकडून पोट भरणारी माणसं आम्ही. आम्ही फक्त त्यांच्या फोनमधल्या चुका पकडत राहिलो.

तिगडीकर वकील धारवाडच्या मळमड्डीत राहायचे. सडपातळ, उंच, काळ्या कोटाची उजवी बाही कोपरावर झिजून चकचकीत झालेली. ते माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठे, मी त्यांना अण्णा म्हणायचे, आणि ते मला अक्का म्हणायचे. कोर्टात येणाऱ्या प्रत्येक बाईला, मग ती न्यायाधीश नसली की झालं, अक्का म्हणायचं ही त्यांची पद्धत. मी हुबळीला केशवापुरात राहते, रोज बसने धारवाडला येते. बस रेंगाळली की माझी तारीख चुकायची भीती असायची, तेव्हा अण्णा माझ्या कोर्टाच्या दाराशी जाऊन उभे राहायचे आणि शिपायाला सांगायचे, "तीन पुकारे झाल्याशिवाय कुणी गैरहजर ठरत नाही. अजून दोन शिल्लक आहेत की रे."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्याकडे दावा निघाला की शिपाई दाराबाहेर येऊन पक्षकारांची नावं तीनदा पुकारतो. तीनदा पुकारून कुणी आलं नाही तर दावा काढून टाकतात. अण्णांनी हा नियम सगळ्या आयुष्याला लावला होता. चहाला बोलावलं तर पहिल्या दोन हाकांना उठायचे नाहीत. कुणाशी बिनसलं तर तीनदा स्वतःहून बोलायला जायचे, चौथ्यांदा नाही. फोनसुद्धा ते तिसऱ्या वेळी उचलायचे. आम्हाला वाटायचं, तऱ्हा आहे म्हाताऱ्याची.

आता फोनचं सांगते. कंपन्यांची नावं इथे घेत नाही, घेतली तर वाचणाऱ्यांतही दोन तट पडतील. आमच्यात तट पडले होते ते चार्जरवरून. बार रूममध्ये धड चालणारा प्लग पॉइंट एकच, खिडकीशेजारी, स्वर्गवासी वकिलांच्या फोटोंखाली. एका कंपनीचा चार्जर पांढरा, दुसरीचा काळा, आणि एकाची पिन दुसऱ्याला बसत नाही. ज्याचा चार्जर आधी लागला त्याचा दिवस. पांढऱ्यांचे पुढारी मठपती वकील. गोल चेहरा, कपाळावर विभूती, दरवर्षी नवा फोन. काळ्यांचे पुढारी तिगडीकर अण्णा. अण्णा सकाळी सव्वादहाला यायचे ते केवळ प्लग पकडायला, असं मठपती म्हणायचे. चार्जर ठेवायला वहिनींनी जुन्या ब्लाउजपिसाची नाडीवाली पिशवी शिवून दिली होती. ती पिशवी कोटाच्या डाव्या खिशात, आणि उजव्या खिशात फोन.

"काय हो तिगडीकर, कंपनी काही कमिशन देते काय तुम्हाला?" मठपती विचारायचे.

"फी न घेता वकीलपत्र घेतलंय मी. गरीब अशील आहे," अण्णा म्हणायचे. "तुमच्यासारखं नाही. दरवर्षी अशील बदलायचं, आणि म्हणे माझाच पक्ष खरा."

पुढे त्या काळ्या चार्जरवाल्या कंपनीने आपल्याकडचा धंदाच गुंडाळला. हुबळीतलं तिचं दुरुस्तीचं दुकान बंद झालं, तिथे चपलांचं दुकान आलं. मठपतींनी बार रूममध्ये पेढे वाटले. एकेक करून सगळे काळे पांढरे झाले, मीसुद्धा झाले. उरले एकटे अण्णा.

"अहो, कंपनी पळून गेली! आता तरी सोडा की तिला," मठपती म्हणाले.

अण्णांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला, आणि म्हणाले, "अशील परागंदा झालं म्हणून वकीलपत्र सुटत नाही मठपती. अशिलाला नोटीस द्यावी लागते, कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. मला त्यांचा पत्ता द्या, मी नोटीस पाठवतो."

आम्ही पोट धरधरून हसलो. अण्णा हसले नाहीत. ते आमच्या तोंडांकडे एकेक करून बघत होते. मी हे तेव्हा पाहिलं होतं, आणि तेव्हा मला वाटलं होतं की आपला विनोद कुणाकुणाला पोचला ते मोजताहेत.

आज एकेक गोष्ट आठवते आणि स्वतःचाच राग येतो. उलटतपासणीला ते साक्षीदाराच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहू लागले होते. इतके जवळ, की एकदा न्यायाधीश म्हणाले, "तिगडीकर, साक्षीदार पळून जाणार नाही, जरा मागे सरा." सगळं कोर्ट हसलं. आम्हाला वाटलं, दबाव आणायची नवी युक्ती. साक्षीदाराला ते दर दोन प्रश्नांनी म्हणायचे, "जोराने सांगा, साहेबांना ऐकू गेलं पाहिजे." साहेबांना चांगलं ऐकू जात होतं. फोनवर बोलताना "तुमच्या पांढऱ्या फोनचा माइक भिकार आहे, समोर येऊन सांगा" असं म्हणून फोन ठेवायचे. आणि आम्ही पांढरे काय म्हणायचो? तुमच्या काळ्या डबड्याचा स्पीकर गेलाय. तासभर यावर वाद. ते फोनला दोष देत होते, आम्ही फोनला दोष देत होतो, आणि दोन फोनांच्या मधे एक माणूस आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं.

त्यांना स्वतःला कधी कळलं, हे मी विचारलं नाही. माझा अंदाज असा की आमच्या कितीतरी आधी. बहिऱ्या वकिलाकडे कोण दावा घेऊन येईल? वहिनी गेल्यावर घरात दुसरं कुणी नव्हतं, मुलगी लग्न होऊन लांब. कोर्ट हेच त्यांचं घर होतं. फोन वाईट आहे असं जोवर जग म्हणत होतं, तोवर कान शाबूत होते.

मग गंगव्वाचा दावा आला. गंगव्वा अळणावरकडच्या एका खेड्यातली विधवा. शेजाऱ्याने कुंपण घालून तिच्या शेताकडे जायची वाट बंद केली होती. त्या वाटेसाठी ती चार वर्षं दर तारखेला यायची, अण्णांसाठी पदरात काकडी नाहीतर शेंगा बांधून. कन्नडमध्ये एकच प्रश्न विचारायची, "वाट कधी सुटणार, यप्पा?" अण्णा म्हणायचे, "सुटते, अव्वा. तुझ्या पायांत जोर आहे तोवर सुटते."

त्या दिवशी गंगव्वाला ताप होता म्हणून ती आली नव्हती. अण्णा व्हरांड्यात, दारापासून दहा पावलांवर, याच बाकावर कागद चाळत बसले होते. शिपायाने गंगव्वाचं नाव पुकारलं. एकदा, दोनदा. मठपती दुसऱ्या कामासाठी आत बसले होते. त्यांनी ते ऐकलं आणि आतूनच अण्णांना फोन लावला. तोही एकदा, दोनदा. फोन कोटाच्या खिशात वाजत होता, असं बाजूच्या पक्षकाराने नंतर अण्णांना सांगितलं. तिसरा पुकारा झाला. दावा गैरहजेरीमुळे काढून टाकला गेला. चार वर्षांची वाट त्या एका मिनिटात बुजली.

बार रूममध्ये मठपती तावातावाने आले. "दोनदा फोन केला मी! तुमच्या डबड्याची रिंग मेली आहे, तिगडीकर. आता तरी मान्य करा."

अण्णा खिडकीपाशी उभे होते. मठपतींच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "हौद्री, खरं आहे. रिंग मेली."

खोलीत एकच जल्लोष झाला. अकरा वर्षांत या माणसाने आपल्या फोनचा एकही दोष कबूल केला नव्हता. कुणी बाक वाजवला, कुणी चहा मागवला. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. जो माणूस मोडेन पण वाकणार नाही असा होता, तो आजच का वाकला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. जिंकलेल्याला कुठे असले प्रश्न पडतात.

दावा पुन्हा फाइलवर घ्यायचा तर अर्ज द्यावा लागतो आणि गैरहजेरीचं सबळ कारण प्रतिज्ञापत्रावर लिहावं लागतं. अण्णांनी मला मसुदा दाखवला. कारण लिहिलं होतं, वकिलांचा फोन नादुरुस्त असल्याने वेळेवर कळलं नाही. मी म्हटलं ठीक आहे, टाइप करून घेऊया. ते म्हणाले, "दोन दिवस राहू द्या, अक्का."

त्या दोन दिवसांतच अण्णांचा वाढदिवस आला. मठपतींनी सगळ्यांना गोळा केलं. वेफर, केक, आणि टेबलावर एक नवाकोरा फोन, पांढऱ्या चार्जरचा. अण्णांच्या फोनमधलं सिम काढून मठपतींनी स्वतःच्या हाताने त्यात घातलं. भाषण केलं, की आज आमचे विरोधी पक्षनेते सरकारात सामील होत आहेत. अण्णांना शाल घातली. अण्णा सगळ्यांना नमस्कार करत टेबलाकडे पाठ करून उभे राहिले. आणि मठपतींनी आम्हाला डोळा मारून आपल्या फोनवरून त्यांचा नंबर लावला.

फोन टेबलावर वाजू लागला. केवढ्याने वाजत होता! मागच्या रांगेतल्या लोकांनी दचकून बघितलं. अण्णा मात्र आमच्याकडे बघून हसत होते. आधी आम्हाला वाटलं, मुद्दाम करताहेत, तिसऱ्या वेळी उचलतील. रिंग वाजून थांबली. मठपतींनी पुन्हा लावला. अण्णा समोरच्या एकाला म्हणाले, "केक काप की रे, सगळे गप्प का झालात?"

मग खरंच सगळे गप्प झाले. दीड हात अंतरावर फोन ओरडत होता आणि तो माणूस केकची सुरी शोधत होता. मी मठपतींकडे पाहिलं. त्यांचा गोल चेहरा पार उतरला होता. त्यांनी हातातला फोन खाली घेतला, पण बंद करायचं भान राहिलं नाही. अण्णांनी आमच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, मग आमची नजर होती तिकडे वळून पाहिलं. टेबलावर फोन उजळला होता आणि थरथरत होता. अण्णांचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

पुढे जे झालं त्यासाठी मी मठपतींचे सगळे अपराध माफ केलेत. ते पुढे झाले, तो फोन उचलून कानाला लावला, हलवून पाहिला आणि अण्णांच्या समोर उभं राहून मोठ्याने म्हणाले, "छे! याची पण रिंग मेलेली दिसते. नुसता उजेड पडतोय. भिकार कंपनी. मी उद्याच परत करतो बघा."

पांढऱ्या कंपनीबद्दल मठपतींच्या तोंडून निघालेला हा पहिला वाईट शब्द. कुणीही हसलं नाही. "होय, खराबच दिसतोय," मागून कुणीतरी म्हणालं. मीही मान डोलावली. अण्णांनी मठपतींच्या खांद्यावर हात ठेवला. मग स्वतःचं सिम मागून घेतलं, जुन्या फोनमध्ये घातलं आणि केक न खाता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यापुढे येऊन बसले. हातात नवं प्रतिज्ञापत्र, स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं. मी वाचलं. पक्षकाराचा काही दोष नाही, तिच्या वकिलाला कानाने ऐकू येत नाही, म्हणून पुकारा कळला नाही. खाली सही.

माझे डोळे भरून आले. मी कागदाच्या मागे लिहिलं, "अण्णा, फोनचं कारण चाललं असतं."

त्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "चाललं असतं हो. पण शपथेवर त्याला आरोपी कसं करायचं? निरपराध आहे तो. दोन्ही वेळा वाजला होता." मग खिशातून फोन काढून माझ्यासमोर ठेवला. "अकरा वर्षं याचं वकीलपत्र चालवलं. त्याच्यावर खोटा आळ घालून स्वतः सुटायचं, हे नाही जमत मला."

कोर्टात न्यायाधीशांनी तो कागद दोनदा वाचला. मान वर करून अण्णांकडे पाहिलं. अर्ज मंजूर केला, एका शब्दाने अधिक काही विचारलं नाही. गंगव्वाचा दावा पुन्हा फाइलवर आला आणि अण्णांची वकिली संपली. त्याच संध्याकाळी त्यांनी दावा माझ्याकडे सोपवल्याच्या कागदावर सही केली. "तुमचा आवाज मोठा आहे, अक्का. शिपायाला घाबरवाल," एवढंच म्हणाले. मी हुबळीला जाऊन कानाचं मशीन घेऊया म्हणून मागे लागले. ते म्हणाले, घेतलंय दोन वर्षांपूर्वीच. कोर्टातल्या पंख्याचा, खुर्च्यांचा, पक्षकारांच्या कुजबुजीचा सगळा कालवा एकदम कानात ओतायचा आणि साक्षीदार तेवढा ऐकू यायचा नाही. मशीन चार्जरच्या पिशवीत पडलं होतं. ती पिशवी आम्ही सगळ्यांनी रोज पाहिली होती.

त्यानंतर ते कोर्टाकडे फिरकले नाहीत. मी दोनदा मळमड्डीला जाऊन आले. ते भरपूर बोलायचे, मी पाटीवर लिहायचे. मग माझं जाणं कमी झालं. सकाळची बस, संध्याकाळची बस, मधे तारखा. सबबी सांगायला वकिलाला कोण शिकवणार?

खिडकीजवळच्या प्लगमध्ये नंतर पांढरेच चार्जर लागायचे. पण मठपती सव्वादहाच्या आधी कधी आपला लावत नसत.

दोन वर्षांनी गंगव्वाच्या दाव्याचा निकाल लागला. वाट सुटली. गंगव्वा माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला धरून उभं केलं आणि म्हटलं, मी नाही ग अव्वा, त्यांना सांगायला पाहिजे. घरी परत जायला म्हणून बसथांब्यावर आले, तर मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, मळमड्डीच्या बाजूला, अण्णा दिसले. औषधाच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर बसले होते. अंगात स्वेटर, हातात तोच काळा फोन. आमच्या मधे बसच्या मार्गाचं लोखंडी कुंपण, पलीकडे जायचं तर बराच वळसा. मी हाक मारली आणि जीभ चावली. मग फोन लावला.

पहिल्यांदा वाजून बंद झाला. ते समोरून जाणाऱ्या रिक्षा बघत होते. दुसऱ्यांदा लावला, तोही वाया गेला. तिसऱ्यांदा फोन हातात थरथरलेला त्यांना कळला. पडद्यावर माझं नाव पाहून त्यांचा चेहरा एकदम उजळला. फोन कानाला लावून ते म्हणाले, "बोला अक्का! बऱ्याच दिवसांनी आठवण झाली की."

मला बोलवेना. मी नुसती फोन धरून उभी राहिले.

"हां," ते म्हणाले. थोडं थांबले. "हां, हां." पुन्हा थांबले, मान डोलावली. "बरोबर आहे. असंच पाहिजे. बरं झालं." माणूस बोलायला जेवढा वेळ घेतो तेवढा वेळ मोजून सोडत होते. मी एक अक्षर उच्चारलं नव्हतं.

मी फोन बंद केला आणि मेसेज लिहिला. "गंगव्वाचा दावा मंजूर. वाट सुटली." पलीकडे त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचला. पुन्हा वाचला. मग बाहीने डोळे पुसले, ताठ बसले, आणि माझा फोन वाजला.

"अहो अक्का, मेसेज कशाला पाठवलात?" आवाज अगदी कोर्टातला होता. "मगाशी तुम्ही सांगितलंत ते सगळं स्पष्ट ऐकू आलं की मला. वाट सुटली, गंगव्वा खूश आहे, सगळं ऐकलं. आमचा फोन आहे हा. मठपतींना सांगा."

शपथ फक्त कोर्टात असते. इथे बसथांबा होता.

"सांगते, अण्णा," मी म्हणाले. पलीकडे त्यांनी मी बोलायच्या आधीच मान डोलावली होती.